पंधरा हजार एक

बुऱ्हाणपुरात कुणाच्या घरी लग्न ठरलं की भटजींच्या आधी दिगंबरला सांगावा जायचा. भोंगे त्याचे, आवाज वाढवणारं मशीन त्याचं, आणि "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणणारा खर्जातला आवाजही त्याचाच. सत्तावन्न सालची निवडणूक आली तेव्हा तर त्याला जेवायलाही फुरसत नव्हती. सकाळी एका पक्षाचा टांगा, दुपारी दुसऱ्याचा. भोंगा तोच, शिव्या तेवढ्या उलट्या. त्या साली त्याने नऊ हजार कमावले. तिथेच सगळं बिनसलं.

त्या नऊ हजारांवरचा कर त्याने मुकाट भरला. वाटलं, सुटलो. पण अठ्ठावन्नच्या मे महिन्यात खंडव्याच्या आयकर कचेरीतून लखोटा आला. आता चालू सालचा करही भरायचा, आणि तो आगाऊ! पगारदाराचा कर पगारातूनच कापून जातो. ज्याचा धंदा स्वतःचा, त्याने कमवता कमवता चार हप्त्यांत भरायचा. पंधरा जून, पंधरा सप्टेंबर, पंधरा डिसेंबर, पंधरा मार्च. कचेरीने गेल्या कमाईवरून हप्ता धरला होता, साधारण नव्वद रुपये. यंदाची कमाई वेगळी होईलसं वाटत असेल तर सोबतच्या फॉर्मवर आपला अंदाज लिहून कळवा, म्हणजे हप्ता त्याप्रमाणे बदलेल.

"कमाई व्हायचीय अजून, आणि कर आत्ता?" दिगंबर कडाडला. "पोरगी बघायच्या आधी बारशाची पंगत!"

कुसुमने, त्याच्या बायकोने, बोटांवर हिशेब केला. "अहो, यंदा निवडणूक नाही. वर अधिक श्रावण, म्हणजे चातुर्मास पाच महिन्यांचा. लग्नं कुठून येतील? साडेचार हजार लिहा."

"गप! शुभ बोल जरा. येणाऱ्या लक्ष्मीचा कागद आहे हा."

त्याचे वडील दिवाळीला नव्या वहीच्या पहिल्या पानावर येणाऱ्या सालचा लाभ लिहायचे, आणि खऱ्याच्या चौपट लिहायचे. म्हणायचे, लक्ष्मीसमोर तोंड बारीक करू नये, तीही हात आखडते. दिगंबरने तेच केलं. आंघोळ करून फॉर्म देवापुढे ठेवला, कोपऱ्यावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, पंधरा हजार एक. शेवटी शून्य बरं दिसत नाही, म्हणून एक.

कचेरीने कुंकू बघितलं नाही, आकडा बघितला. नव्वदचा हप्ता पावणेतीनशेच्या घरात गेला. जूनमध्ये एवढी रोकड नव्हती. दिगंबरने चारांतले दोन भोंगे जैनाबादच्या निंबाला विकले. निंबा याच धंद्यातला. त्याने भोंगे उलटसुलट करून बघितले आणि भाव पाडून मागितला.

"यातला एक घर्र करतो, दिगूभाऊ."

"मीच डाग देऊन सांधलाय त्याला. तुझ्यापेक्षा सरळ बोलतो तो!"

मग पाच महिन्यांचा चातुर्मास बसला. ना हळद, ना वरात. सप्टेंबर उजाडला तेव्हा घरात होते चाळीस रुपये, पंधरा तारीख आठवड्यावर होती आणि तिला लागूनच गणपती. मोठ्या मंडळाची दहा दिवसांची ऑर्डर हातात होती, पण पैसे विसर्जनानंतर. हप्ता भरायला आता विकण्याजोगं एकच उरलं होतं, मशीन. ते गेलं की ऑर्डरही गेली.

गिऱ्हाईक बघायला निघालेल्या दिगंबरला कोपऱ्यावर सुधाकरराव वकिलांनी हटकलं. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"दिगंबरशेठ, सरकार काय लक्ष्मी आहे? त्यांना खरा अंदाज हवा होता, नवस नव्हे!"

"आता काय करायचं?"

"पंधराच्या आत सुधारलेला अंदाज द्या. कुठल्याही हप्त्याच्या आधी देता येतो. फक्त मुद्दाम फार कमी लिहू नका, नाहीतर मागाहून व्याज लागतं. खरं लिहा."

पोळ्याच्या आदल्या दिवशी दिगंबर गाडीत बसला. चांदनी गेलं, नेपानगर गेलं, आणि खंडवा येईपर्यंत तो मनात आकडे पुसत राहिला. साडेचार हजार! स्वतःच्या हाताने स्वतःच्या धंद्यावर पाणी सोडायचं!

कारकुनाने जुना फॉर्म काढला. "ये लाल-लाल क्या गिरा है?"

"कुंकू है, साहब."

"इन्कम टैक्स के फॉर्म पे?"

"आनेवाली लक्ष्मी थी ना."

कारकुनाने चष्मा वर केला, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा खाली केला. "आयी क्या?"

दिगंबरने नव्या फॉर्मवर टाक टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मागच्या रांगेतला माणूस म्हणाला, "भैया, महूरत निकाल रहे हो क्या?" तेव्हा त्याने दात आवळून लिहिलं, साडेचार हजार. मग राहवेना, म्हणून पुढे एक जोडला.

कारकुनाने हिशेब केला आणि हसला. "तुम्हारा तो पूरे साल का टैक्स पचास रुपये भी नहीं बनता. जून में ही पाँच गुना भर चुके. अब कुछ नहीं भरना."

"मग बाकीचे पैसे परत द्या ना! मेरे दो भोंगे बिक गये उसमें!"

"अभी नहीं. साल पूरा होगा, असेसमेंट होगा, तब. फिकर मत करो, सरकार ब्याज देती है. सैकड़े पे दो."

"निंबा भोंगे व्याजाने परत देईल काय?" दिगंबर ओरडला. पण ते मराठीत होतं आणि कारकून पुढचा फॉर्म बघत होता.

गणपती बसले. मशीन वाचलं, ऑर्डरही राहिली. पण मंडळाच्या अध्यक्षांनी मांडवाभोवती एक फेरी मारली आणि दोन बोटं वर केली. "बोली चार भोंग्यांची होती. दोन भोंगे, अर्धे पैसे."

कुसुमने डबा आणला होता. ती हळूच म्हणाली, "मशीन तरी घरात राहिलं."

"आपले पैसे सरकारकडे, आपले भोंगे निंबाकडे, आणि घरात मशीन! वा!"

आरतीच्या आधी त्याने माईक हातात घेतला. "हॅलो, हॅलो..." एवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्या मांडवातून निंबाचा आवाज घुमला, आणि त्याच्यामागे घर्र. दिगंबरने स्वतःच डाग दिलेला भोंगा होता तो. घर्र करतही अगदी खणखणीत वाजत होता.

त्याने मशीनची कळ पार शेवटपर्यंत फिरवली. दोन भोंग्यांतून जेवढा निघतो, तेवढाच आवाज निघाला.