वाढत्या अंगाच्या स्कीज

थंडी पडायला लागली, की शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या मराठी आयांच्या ग्रुपवर कुणीतरी हमखास विचारतं, दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडच्या स्वस्त स्कीज घ्याव्यात का? मग दुसरी कुणीतरी माझं नाव पुढे करते, कारण आमच्या घरी तशा स्कीज होत्या आणि पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दोन हिवाळे मी एकच उत्तर देत आले. नका घेऊ. माझ्या मुलीचा पाय मोडला होता, त्यामुळे जास्त कुणी विचारायचं नाही.

त्या उत्तराचा मला शीण यायला लागला होता. खोटं सांभाळायला ताकद लागते, आणि माझ्याकडे ती आधीच कमी उरते. दिवसभर सॉफ्टवेअर तपासायचं, दुसऱ्यांच्या चुका शोधून नम्रपणे कळवायच्या, घरी आल्यावर ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायचा, मग कणिक मळायची. मी नागपूरची. इतक्या वर्षांनीही हिवाळा मी फक्त काढते. नवऱ्याचंही तेच. आमच्या घरात बर्फ बघून खूश होणारं माणूस एकच, आमची लेक.

सातवीत ती शाळेच्या स्की क्लबात गेली. शनिवारी सकाळी शाळेची बस निघायची आणि विस्कॉन्सिनमधल्या एका लहानशा टेकडीवर पोरांना घेऊन जायची. पहिल्या हिवाळ्यात ती तिथल्या भाड्याच्या स्कीजवर शिकली. परत यायची तेव्हा गाल लाल आणि तोंड बंद होत नसे. एरवी शाळेतलं काही विचारलं तर ‘फाइन’ एवढंच सांगणारी मुलगी गाडीत बसल्याबसल्या कुठल्या वळणावर काय झालं ते सांगायची. ती मागणारी मुलगी नाही. दुसऱ्या हिवाळ्यात वाढदिवसाच्या आधी एकदाच म्हणाली, "आई, एव्हरीवन हॅज देअर ओन स्कीज." पुन्हा विषय काढला नाही.

तिला सरप्राइज द्यायचं म्हणून मी एकटीच दुकानात गेले. स्कीच्या विभागात एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, पूर्वी स्की शिकवायच्या. दुकानाच्या ब्रँडच्या स्कीज कशा आहेत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, साध्या आहेत, पण शिकणाऱ्याला अगदी चांगल्या. फक्त बूट मापाचे हवेत. मुलगी वाढतेय ना, मग सीझनभरासाठी भाड्याने न्या, पुढच्या वर्षी मोठं माप मिळेल.

भाड्याने? स्वतःची वस्तू मागितली होती तिने. आणि वाढतेय म्हणून काय झालं. माझा आख्खा शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा होता. पहिल्या वर्षी फ्रॉक पोटऱ्यांपर्यंत यायचा, दुसऱ्या वर्षी बरोबर व्हायचा, तिसऱ्या वर्षी आई शिवण उसवून खालची पट्टी सोडायची. पुढेमागे होईल हे धरूनच आमच्याकडे वस्तू घेतली जाते. मी बुटांचं माप दोन नंबरांनी वाढवून सांगितलं. जाड मोजे घालेल, असा हिशेब. स्कीजही लांब घेतल्या.

मग त्यांनी एक फॉर्म पुढे केला. स्कीवर बूट धरून ठेवणारा एक खटका असतो. माणूस पडलं की तो सुटायला हवा, नाहीतर स्कीबरोबर पाय पिरगळतो. तो किती घट्ट ठेवायचा, हे मुलीची उंची, वजन आणि तिला किती येतं यावरून ठरतं; वजन आणि सराव जास्त, तितका तो घट्ट. बाईंनी हे सगळं मला नीट समजावलं होतं. मी मान डोलावली होती. आणि वजनाच्या रकान्यात पुढच्या वर्षी होईल असं वजन लिहिलं. उंचीही तशीच. किती येतं या प्रश्नाला ‘नवशिकी’वर खूण करायची सोडून मधल्या चौकोनावर केली, कारण आमची पोर लवकर शिकते. खाली सही केली. माझा हात जराही अडखळला नाही, ही गोष्ट मला अजून खटकते. दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये एक आकडा चुकीचा दिसला तर मी तीन ईमेल पाठवते.

लेक स्कीज बघून इतकी हरखली की खोक्यावर बसूनच तिने बूट चढवले. "अ लिटल बिग," ती म्हणाली. "वाढत्या अंगाला बरे," मी म्हणाले. तिने मला मिठी मारली.

दुसऱ्याच शनिवारी क्लबच्या शिक्षकांचा फोन आला. ती पडली होती, तीही सावकाश, अगदी नवशिक्यांच्या उतारावर, थांबता थांबता. आम्ही विस्कॉन्सिनच्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तिचा पाय उशीवर होता आणि ती रडायची थांबली होती. गुडघ्याखालचं हाड पिरगळून मोडलं होतं. डॉक्टरने तिला विचारलं, स्की सुटली होती का? "नो," ती म्हणाली. डॉक्टरने ते लिहून घेतलं. त्या खोलीत त्या ‘नो’चा अर्थ कळलेलं दुसरं माणूस मीच होते.

नवरा म्हणाला, "स्वस्तातलं घेतलं की असंच होतं." मग तेच घरात ठरून गेलं, ग्रुपवर गेलं, भारतात फोनवर गेलं. एका मुक्या वस्तूवर आळ ढकलून मी मोकळी झाले. पाय बरा झाला. लेक क्लबात परत गेली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "इट्स नॉट माय थिंग." मला सुटल्यासारखं वाटलं, याची लाज वाटते.

स्कीज गराजमध्ये राहिल्या. या नोव्हेंबरात समोरच्या गल्लीतली माझी मैत्रीण चहाला आली. ती पुण्याची, लेक तिला मावशी म्हणते. तिची दहा वर्षांची मुलगी यंदा स्की शिकणार होती. "तुमच्या त्या पडल्यात ना गराजमध्ये? देऊन टाक यार," ती म्हणाली. "ब्रँडचं मी नाही मानत. एकदाच तर झालं तसं." आम्ही स्कीज आणि बुटांची पिशवी आत आणली. लेक डायनिंग टेबलाशी गृहपाठ करत होती. मैत्रिणीने बूट हातात घेऊन उलटेपालटे केले आणि म्हणाली, "मोठे होतील जरा. पण बरंय, वाढत्या अंगाला."

खटका तेवढाच घट्ट होता. तो सैल करून घ्यायचं दोन वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं, कारण आम्ही स्कीजना नावं ठेवून मोकळे झालो होतो.

"नको नेऊस," मी म्हणाले. "स्कीज चांगल्या आहेत. मी फॉर्मवर खोटं लिहिलं होतं."

मग सगळं सांगितलं. बुटांचं माप, वजन, मधला चौकोन. मैत्रिणीच्या हातातले बूट हातातच राहिले. माझ्या पाठीमागे पेन्सिल थांबली.

"सो इट वॉजन्ट मी?" लेक म्हणाली.

मी वळले. तिच्या बोलण्यातून कळलं, तिने दोन वर्षं असं धरलं होतं की गुडघे वाकवायला विसरल्यामुळे ती पडली, शिक्षक सांगत होते तरी तिने ऐकलं नाही, तिला ते जमण्यातलंच नव्हतं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मी विचारलंच कुठे होतं.

"नाही," मी म्हणाले. "तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं."

ती उठून आली. मैत्रिणीच्या हातातून तिने एक बूट घेतला, जमिनीवर बसून पाय आत घातला आणि बकलं एकेक करून लावली. नेहमीचे मोजे होते पायात. टाच हलवून पाहिली, हलली नाही.

"इट फिट्स," ती म्हणाली.

"मग जाशील का यंदा?" मी विचारलं. "आपण खटका नीट करून आणू. तू बरोबर चल, वजन तूच लिही."

तिने बकलं सोडली, बूट काढला आणि पिशवीत जोडीला ठेवला. मग माझ्याशी ती सहसा बोलत नाही त्या मराठीत, सावकाश शब्द जुळवत म्हणाली, "मला तेव्हा जायचं होतं, आई."