वाटपाची साडी

शहापूरच्या आमच्या बोळात तो विणकर रोज दिसायचा. मागावरून उठून दारात बसला, तरी त्याची बोटं गुडघ्यावर ठेका धरायची. माग थांबे, बोटं थांबत नसत. नाव मी कधी विचारलं नाही, अण्णाच म्हणायचे.

निवडणुकीच्या तोंडावर सत्तेतल्या पक्षाची माणसं घरोघर साड्या वाटून गेली. त्याच्याही घरी एक आली. अख्खा बोळ सरकारवर चिडलेला, म्हणून मी विचारलं, "अण्णा, यंदा बदल होणार का हो?"

"चिडल्यात समदी, आक्का. पण चिडलेली माणसं मतादिवशी घरातच बसून ऱ्हात्यात. मी मातूर जाणार. इतकी वर्सं ह्येंनाच मत दिलं, आन् ह्ये इणकराच्या दारात साडी घिऊन आल्यात! कुणाच्या दारात आलोय, येवढं तरी बघायचं का न्हाय?"

आवाज चढला होता. बोटं मात्र त्याच साडीच्या पदराच्या सुटलेल्या दशा वळून हळुवार गाठी मारत होती.

"मग हिला कशाला एवढं जपताय?"

त्यानं पुढची दशा बोटांत घेतली.

"हिच्यावर कशाला राग? हीबी कुणीतरी इणलीया की."