सहा जणांची वाढ

“सगळे निरंक?” प्रिन्सिपॉलसाहेबांनी विचारलं.

“सगळे, साहेब. एक राऊत सर सोडून.”

निरंक म्हणजे काहीच नाही. शून्य लिहिण्याची ऑफिसातली सभ्य रीत. साठच्या दशकात मी अकोल्याच्या एका कॉलेजात एस्टॅब्लिशमेंट क्लार्क होतो. म्हणजे स्टाफच्या नेमणुका, रजा, बढत्या, हे सगळं माझ्या टेबलावर. विद्यापीठाचं सर्क्युलर आलं होतं: आपल्या स्टाफमध्ये शारीरिक व्यंग असलेले किती, ते कळवा. असं आजवर कोणी विचारलं नव्हतं.

कागद घेऊन मी स्टाफरूममध्ये फिरलो. आता आमच्या वऱ्हाडात माणसाला तोंडावर बोलायची कोणाला चोरी नाही. लायब्ररियनला सगळे लंगडे भाऊ म्हणायचे आणि तेही ओ द्यायचे. केमिस्ट्रीच्या डेमॉन्स्ट्रेटरची दोन बोटं गेलेली, त्यावर त्यांचेच विनोद चालायचे. पण कागद पुढे केला की सगळे ठणठणीत! लंगडे भाऊ तर काठी कपाटामागं ठेवून सही करायला आले. मला हसू आलं, तसे ते चिडले. “हा कागद वर जाते, तायडेबाबू. तिथं मले कोण ओळखते?”

मग मी हसायचा थांबलो.

राऊत सर लॉजिक शिकवायचे. रिद्धपूरकडचे, सडपातळ, कायम धुवट सदऱ्यातले. त्यांना ऐकू फार कमी यायचं. पण शिकवायची एक रीत त्यांनी काढली होती. पोरानं हात वर केला की सर प्लॅटफॉर्मवरून उतरायचे, त्याच्या बाकापर्यंत जायचे, वाकून कान द्यायचे आणि तो प्रश्न साऱ्या वर्गाला मोठ्यानं सांगून मग उत्तर द्यायचे. मागच्या बाकावरच्यांची झोपायची सोयच राहिली नव्हती.

माझं टेबल त्या वर्गाला लागूनच. उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावायचे, शिपाई त्यांच्यावर पाणी मारायचा आणि त्या ओल्या वासातून सरांचा आवाज यायचा. आजही वाळ्याचा वास आला की मला लॉजिक आठवतं. लॉजिकमधलं मला काडीचं कळत नाही, ते सोडा.

सरांचं प्रोबेशन संपत आलं होतं. प्रोबेशन म्हणजे पारखून घ्यायचा काळ. तो सरला की कन्फर्मेशन, म्हणजे नोकरी पक्की. नाही झालं तर घरी. घरी म्हातारे आईवडील आणि दोन लहान पोरी. म्हणून मी त्यांच्या कानाशी लागून विनवलं, की सर, कन्फर्मेशन होऊ द्या, मग काय लिहायचं ते लिहा.

“दर मीटिंगमध्ये मी न आयकता नुसती मान हलवून राहिलो,” सर म्हणाले. “मागच्या साली अशीच हलवली अन् गॅदरिंगचा चार्ज गळ्यात पडला. आज पहिल्यांदा कोणी इचारलं, तायडेबाबू. अन् मी खोटं सांगू? लिहा.”

लिहिलं. काय करता!

प्रिन्सिपॉलसाहेब पुण्याहून आलेले. कोणताही कागद आला की मान मागे टेकून म्हणायचे, “तायडे, वाचा.” आम्ही त्याला पुणेरी थाट समजायचो. माणूस वाईट नव्हता. राऊत सरांचं नाव त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले की हे आता मॅनेजिंग कमिटीपुढे ठेवावंच लागेल.

कमिटीत व्हायचं तेच झालं. ऐकू येत नाही तर माणूस शिकवतो कसा, यावर सगळे अडून बसले. शेवटी काकाजी म्हणाले, मी स्वतः जाऊन पाहतो. काकाजी मूर्तिजापूरकडचे मोठे शेतकरी, कमिटीतले सर्वांत वडीलधारे. त्यांचा शब्द खाली पडत नसे.

दुसऱ्या दिवशी पांढरंशुभ्र धोतर सावरत काकाजी पोरांमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मी मस्टर हातात धरून दारात उभा. मस्टरचं तिथं काही काम नव्हतं. थोड्या वेळानं काकाजींनी हात वर केला. सर उतरले, चालत गेले, वाकले. काकाजी त्यांच्या कानात काहीतरी बोलले. सर सरळ झाले आणि नेहमीच्याच आवाजात वर्गाला म्हणाले,

“काकाजी इचारून राहिले, की मले आयकू येत नाही हे खरं काय. खरं आहे. म्हणून तर इथपर्यंत चालत आलो.”

काकाजी तास संपेपर्यंत उठले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “समजलं काहीच नाही. पण आयकू सगळं आलं.”

त्याच आठवड्यात कन्फर्मेशनची ऑर्डर मीच टाइप केली. कार्बन उलटा लागला, पुन्हा टाइप केली. इतका आनंद मला माझ्या ऑर्डरचाही झाला नव्हता.

पुढच्या वर्षी तेच सर्क्युलर पुन्हा आलं. सगळ्यांत आधी टेबलापाशी आले ते लंगडे भाऊ, काठी टेकत. मग दोन बोटं गेलेले डेमॉन्स्ट्रेटर. असे राऊत सर धरून सहा झाले. सहीसाठी कागद आत नेला. साहेबांनी या खेपेला “वाचा” म्हटलं नाही. कागद पार नाकाशी नेला, चाचपडत खाली जागा शोधली आणि सातवं नाव लिहिलं. स्वतःचं. पुढे लिहिलं, दृष्टी अधू. पुणेरी थाट कुठून आला ते मला तेव्हा कळलं. डोळे भरून आले आणि मी उगाच ब्लॉटिंग पेपर शोधत बसलो.

महिन्याभरात विद्यापीठाची विचारणा आली: एका वर्षात सहा जणांची वाढ कशी झाली? कॉलेजात काही अपघात घडला काय? तात्काळ खुलासा करावा.

साहेब पोट धरून हसले. मग मला उत्तर सांगितलं: “व्यंगे जुनीच आहेत. कळविणे यंदा सुरू झाले आहे.”

त्यावर पुन्हा पत्र आलं नाही. पुढे अमरावतीला संस्थेच्या मुख्य ऑफिसात बदलून आलो, तिथं सगळ्या कॉलेजांचे कागद यायचे, आणि तिथूनच रिटायर झालो. या सगळ्या नोकरीत कुठूनही असा निरंक कागद आला की मी एकच चौकशी करायचो: तुमच्याकडे पहिल्यांदा ज्यानं खरं लिहिलं, त्याचं पुढं काय केलं?