सईने दिलेली हाळी

मी माती तपासणारी बाई आहे. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब... जे मोजता येत नाही त्यावर बोलायचं नाही, ही नोकरीने लावलेली सवय. सासरी कुणी अंगारा लावायला पुढे आलं की मी हळूच उठून स्वयंपाकघरात जाते. इथे लोक लिहितात ते अनुभवही मी आजवर करमणूक म्हणूनच वाचले, आणि वाचता वाचता प्रत्येकाला मनातल्या मनात काहीतरी कारण चिकटवलं. आज स्वतःचा अनुभव लिहायला बसले आहे आणि त्याला चिकटवायला माझ्याकडे काही नाही.

माझी मुलगी सई. आता आठ वर्षांची आहे, हे घडलं तेव्हा सात पूर्ण व्हायची होती. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. कमी ऐकू येतं असं नव्हे – काहीच येत नाही. कानातून मेंदूकडे जाणारी नसच तयार झालेली नाही, त्यामुळे मशीन आणि ऑपरेशन, दोन्हींचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आम्ही खुणांनी बोलतो. लहानपणी ती तोंडाने आवाज काढायची, हसतानाही मोठ्यांदा हसायची. पण आधी आम्ही नगरला सावेडीत राहायचो, तिथल्या मुलांनी तिच्या आवाजाची नक्कल करून तोंडं वाकडी केली. तिला आवाज कळत नव्हता, तोंडं कळत होती. त्यानंतर तिने आवाज काढणंच बंद केलं. रडायचीसुद्धा ओठ घट्ट मिटून.

त्यात एकदा मागून आलेली मोटरसायकल तिला घासून गेली. हॉर्न वाजवूनही पोरगी हलत नाही म्हणून तो माणूस उलट तिच्यावरच ओरडला. त्या दिवशी मी ठरवलं – जिथे सगळं पायी करता येईल आणि गाड्या नसतील अशीच जागा शोधायची. माझे मिस्टर प्रशांत चाकणला कंपनीत, शनिवार-रविवार येतात. माझी नोकरी राहुरीजवळ विद्यापीठात. म्हणून गेटच्या आसपासच्या वस्तीतच खोल्या बघायला सुरुवात केली.

बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांसाठी कॉट बेसिसवर खोल्या. शेवटी एका गल्लीच्या टोकाला तात्यांचं घर मिळालं. तात्या सत्तरीच्या पुढचे. पूर्वी त्यांचं शेत होतं तिथे आता आमची सगळी वस्ती आहे. थोडी जागा ठेवून त्यांनी स्वतःचं घर आणि मागे भाड्याच्या दोन खोल्या बांधल्या होत्या. मी सईबद्दल आधीच सांगून टाकलं. नंतर कुरबुर नको.

तात्यांनी सईकडे बघितलं, मग मला म्हणाले, "पोरीला आयकू येत न्हाई व्हय? मग हितंच ऱ्हावा मॅडम. आमच्या गल्लीत गाडी येतच न्हाई. लई झालं तर दूधवाल्याची. त्याला मी सांगतो, उतरून ढकलत आन म्हनून."

आणि खरंच, तो दूधवाला गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल बंद करून ढकलत आणायला लागला.

ती गल्ली तुम्हाला कशी सांगू... शाळा, किराणा, मेस, झेरॉक्सचं दुकान, भाजीवाल्या मावशी – सगळं हाकेच्या अंतरावर. (हा शब्द मी सवयीने लिहिला.) माझी लॅबसुद्धा चालत. महिन्याभरात गल्लीला सई माहीत झाली. तिच्याशी बोलायचं तर समोर यायचं, मागून खांद्याला हात लावायचा नाही, हे मेसमधल्या पोरांनाही कळलं. झेरॉक्सवाला तर खुणांनी तिच्याशी भांडायला शिकला. दुकानापर्यंत एकटी जाऊन पेन्सिल आणताना तिचा चेहरा बघायला मी गेटशी उभी राहायचे.

एकच गोष्ट जरा वेगळी वाटायची. आमच्या मागच्या खोलीत टाइल्स नव्हत्या, जुनी घडीव दगडी फरशी होती. संध्याकाळी सई तिथे पालथी पडायची. छाती फरशीला टेकवून, हात पसरून. आधी मला वाटलं, गार लागतं म्हणून. पण थंडीतही तेच. एकदा मी विचारलं, काय करतेस? तिने खूण केली – हलतंय. मी हात लावून बघितला. काही नाही. म्हटलं, कुणाची तरी मोटर चालू असेल, तिला आपल्यापेक्षा कंपनं जास्त कळत असणार. कारण सापडलं, मी भाकरी थापायला गेले.

पुढचा प्रसंग उसाचा सीझन चालू होता तेव्हाचा. ऊस तुटला की रिकाम्या रानांत काठेवाडी लोक गाई घेऊन येतात, तुम्ही बघितलं असेल. लालसर, मोठ्या कपाळाच्या, लोंबत्या कानांच्या गाई. असाच एक मोठा कळप त्या दिवशी गल्लीच्या तोंडावरून देवळाली प्रवराच्या बाजूला चालला होता. ऊन कलतं झालेलं. मी नुकतीच कामावरून येऊन पायरीवर चहा घेत बसले होते. तात्या बाकड्यावर पेपर वाचत होते, त्यांची बायको – आम्ही त्यांना आक्का म्हणतो – सुपात बाजरी पाखडत होत्या. सई आतून आली. अनवाणी. अंगणाच्या मधोमध उभी राहिली, गल्लीकडे तोंड करून.

आणि तिने आवाज काढला.

मी हा आवाज लिहून दाखवू शकत नाही, तरी प्रयत्न करते. खोल छातीतून निघालेला, लांबच लांब हुंकार. तो हळूहळू वर चढला, वर जाऊन एकदम तुटला, आणि शेवटी जीभ टाळूला लावून दोनदा टक टक. शब्द एकही नाही. माझ्या हातातला कप तसाच राहिला. वर्ष-दीड वर्ष मी या पोरीच्या तोंडून एक आवाज ऐकला नव्हता, आणि हा आवाज सात वर्षांच्या मुलीच्या छातीत मावेल असा नव्हता.

आक्कांचं सूप थांबलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मामंजी..."

मी तात्यांकडे बघितलं. ते उभे राहिले होते, पेपर पायाशी पडला होता.

सईने पुन्हा तोच आवाज दिला. तंतोतंत तोच. आणि गल्लीच्या तोंडावरून जाणारा तो अख्खा कळप थांबला.

मागच्या गाई पुढच्यांवर आदळल्या नाहीत की काही गडबड झाली नाही. सगळ्या एकदम थांबल्या. मग माना वळल्या, आणि एकेक करत गाई आमच्या गल्लीत शिरल्या. मागून त्यांचा काठेवाडी मालक ओरडतोय, काठी आपटतोय, एकही गाय त्याच्याकडे बघत नव्हती. गल्ली भरून गेली. मेसमधली पोरं ताटं हातात घेऊन दारात आली आणि तिथेच थिजली. हंबरणं नाही, धक्काबुक्की नाही. फक्त खुरांचा आवाज, आणि मग तोही थांबला. सगळ्यात पुढची गाय आमच्या गेटवरून मान आत घालून उभी राहिली.

सई चालत गेली आणि तिच्या कपाळाला आपलं कपाळ लावलं.

मला भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. देवळात नुकती आरती संपल्यावर क्षणभर जी शांतता असते, तशी गल्लीभर पसरली होती. अंगावर काटा होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मी पुसतही नव्हते.

तात्या हात जोडून उभे होते. गाईंना जोडले होते की आणखी कुणाला, मला सांगता येणार नाही. आक्का आत जाऊन भाकरी घेऊन आल्या, त्या पुढच्या गाईला भरवली, आणि मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात बोलल्या.

"ही आमच्या मामंजींची हाळी हाय. मी नवी नवरी हुते तवा रोज आयकायचे. दिस कलला की ते हितंच हुबं राहून हाळी द्यायचे, आन वढ्याकडनं गुरं आपल्या पायानं घरी यायची. तुमी ऱ्हाता ना त्या खोल्या, तिथंच गोठा हुता. खालची फरशी गोठ्याचीच हाय."

"दुसरं कुणी देत होतं का ही हाळी?" मी विचारलं.

उत्तर तात्यांनी दिलं. "न्हाई. मी लई डाव करून बघितली. आबांनी, माझ्या वडलांनी, शिकवलीबी. पन माझ्या हाळीला एक वासरू कधी वळलं न्हाई."

एव्हाना तो काठेवाडी गर्दीतून वाट काढत गेटशी आला होता. घामाघूम झालेला. सईकडे बघत मोडक्या मराठीत म्हणाला, "ये गाय परक्याच्या हाकेला नाय येत. कधीच नाय." रागावलेला नव्हता तो. त्याने पुढे होऊन सईच्या डोक्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने पुढची गाय आपणहून वळली, तिच्यामागे बाकीच्या वळल्या, आणि गल्ली रिकामी झाली.

पोरांनी मोबाईल काढले होते, पण उशिरा. व्हिडिओंत नुसत्या उभ्या गाई दिसतात. झेरॉक्सच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात मात्र सगळं आहे – सई उभी राहते, तोंड उघडते, आणि रस्त्यावरचा कळप वळतो. त्या कॅमेऱ्याला आवाज नाही.

शनिवारी प्रशांत आला. त्याने ते फुटेज पुन्हा पुन्हा बघितलं आणि म्हणाला, "अगं, गुरं विचित्र आवाजाला बिचकून थांबतात. एक वळली की बाकीच्या वळणार." मी म्हटलं, मग तू काढून बघ. तात्यांकडून नीट शिकून घेऊन तो मागच्या डेअरीवाल्याच्या गाईंसमोर जाऊन उभा राहिला. मी कुंपणाशी होते. एका गाईने रवंथ करता करता त्याच्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

मी सईला पुन्हा नगरला नेऊन कानाची तपासणी केली. रिपोर्ट तसाच, काहीच ऐकू येत नाही. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, जमिनीतली कंपनं अशा मुलांना जाणवतात. मान्य. पण कशाची कंपनं? आबांना जाऊन इतकी वर्षं झाली की त्यांना पाहिलेली माणसंच गल्लीत दोन-चार उरलीत. त्यांचा आवाज कुठे रेकॉर्ड केलेला नाही. आक्कांना ती हाळी आठवते, पण बायकांनी द्यायची पद्धत नव्हती म्हणून त्यांनी कधी तोंडातून काढली नव्हती. आणि तात्यांनी गुरं विकल्यापासून प्रयत्नच सोडला होता. शिवाय कंपनं जाणवली असं धरलं तरी त्या गाई? त्या तर गुजरातेतून चालत आलेल्या.

सईला मी खूप वेळा विचारलं, तुला कुणी शिकवलं? दर वेळी ती फरशीवर हात ठेवते, मग तोच हात उचलून स्वतःच्या छातीवर. बस. माणूस होता का, म्हातारा होता का – मान हलवते, तिला माझा प्रश्नच कळत नाही.

एकदा प्रशांतने रेकॉर्डिंगची तयारी करून तिला म्हटलं, पुन्हा हाक मार ना. तिने खुणा केल्या त्या मी जशाच्या तशा लिहिते: "आल्या ना घरी. आता कशाला?"

त्यानंतर तिने ती हाळी कधीच दिली नाही. पण ओठ जे मिटले होते ते उघडले. आता ती छातीवर हात ठेवून आवाज काढते, कमीजास्त करते, स्वतःशीच हसते. आठवड्यातून दोनदा स्पीचच्या मॅडम येतात. आवाज खरखरीत आहे, दुसऱ्या कुणाला गोड वाटणार नाही. गल्लीत तिच्यावर कुणी हसलेलं मी पाहिलं नाही.

तात्या त्या हाळीबद्दल नंतर एकदाच बोलले. मी भांडी घासत होते, ते नळापाशी येऊन थांबले. "मॅडम, मला आयुष्यभर वाटायचं, आबा माझ्यावर नाराज होऊनच गेले. ह्याला हाळी जमली न्हाई, ह्याच्यानं गुरं टिकनार न्हाईत, असं म्हनायचे ते. न्हाईच टिकली." बादली नळाखाली सरकवत म्हणाले, "पन पोरीच्या तोंडून आयकली, तवा नाराजीचा आवाज न्हवता तो. लई वर्सांनी मला झोप लागली बघा." आणि बादली भरून निघून गेले.

मध्यंतरी मला विद्यापीठाचा क्वार्टर मिळत होता. मोठा, बाग असलेला, भाडंही कमी. मी नको म्हणून लिहून दिलं. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा सांगितलं, मुलीला गल्लीची सवय झाली आहे. ते खोटं नाही, पण पूर्णही नाही. पूर्ण कारण मला अजून माहीत नाही, आणि विचार करत बसले की डोक्यापेक्षा छातीत काहीतरी भरून येतं, एवढंच सांगू शकते.

मागच्या आठवड्यात मी भाजी घेत होते, पाठमोरी. मागून कुणीतरी खरखरीत, ओबडधोबड आवाजात म्हणालं, "आ...ई." भाजीवाल्या मावशी माझ्या आधी हसल्या. मी वळले.