आबांच्या पाठीला मानवेल अशी गाडी

हर्सूलच्या माझ्या घरापासून जुन्या गाड्यांचा बाजार अर्ध्या तासावर आहे. त्या दिवशी आम्हाला सव्वा तास लागला. मागच्या सीटवर आबा होते, त्यांच्याखाली दोन गाद्या होत्या, आणि दिसेल त्या खड्ड्यापुढे मी गाडी जवळजवळ उभीच करत होतो. मागचे रिक्षावाले माझ्या खानदानाचा उद्धार करत पुढे जात होते. माझी गाडी चौदा वर्षांची. घेतली तेव्हा आमचं आख्खं गाव, देवगाव रंगारी, बघायला आलं होतं. आता तिच्या स्प्रिंगा इतक्या कडक झाल्या होत्या की रस्त्यातली सुपारीसुद्धा पाठीला कळावी.

आबा म्हणजे माझे वडील. सारा जन्म मेंढरांमागे गेला. पावसाने दगा दिला की कळप घेऊन ते कन्नडचा घाट उतरायचे आणि चाळीसगावच्या बाजूला नथूआप्पा नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात (शेतात) वाडा टाकायचे. वाडा म्हणजे मेंढरांचा मुक्काम. मेंढ्या वावरात बसल्या की लेंड्यांचं खत रानाला, आणि दाणागोटा आम्हाला, ही रीत. लागोपाठच्या दुष्काळांत कळप विकावा लागला. पाठोपाठ आबा बाभळीवरून पडले, मणका दुखावला, डॉक्टरांनी धक्के वर्ज्य केले. नथूआप्पाला भेटून तीन वर्षं झाली होती. फोन लावून देतो म्हटलं तर आबा म्हणायचे, "फोनवर माणूस दिसतंय व्हय? नेतो का, तेवढं सांग."

घाट उतरताना आबांच्या मणक्याला कळणार नाही अशी गाडी मला हवी होती. नवी घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून कुणीतरी वापरून सोडलेली मोठी, उंची गाडी बघायची ठरली.

हर्सूलच्या तलावाजवळ आबांनी काच खाली करायला लावली. तळ उघडा पडला होता, भेगांच्या कडेने पोरं क्रिकेट खेळत होती. "इथं मेंढरं पाजलीत मी," आबा म्हणाले. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉटिंगचे फलक, अर्धे बांधलेले मजले, आणि पाण्याच्या टँकरमागे लागलेले टँकर. गायरानं (गुरं चारायची गावची जमीन) आबांना नावानिशी पाठ होती. ते बोट दाखवत नावं घेत गेले. मला तिथे फक्त जिम, मंगल कार्यालय आणि टायरची दुकानं दिसत होती.

बाजाराच्या मालकाने आबांना बघून आधी खुर्ची मागवली. चाळिशीतला, अदबीने बोलणारा माणूस. "चाचा, आराम से बैठो. गाडी तुमच्यापाशी येईल," तो म्हणाला.

आणि ती आली. पांढरीशुभ्र, छताला काच, आत लोण्याच्या रंगाचं चामडं. खरं सांगतो, माझा जीव तिच्यावर तिथेच जडला. मी तिच्या दारात उभा राहून स्वतःलाच काचेत बघत होतो. ऑफिसातले लोक काय म्हणतील, मेहुणा काय म्हणेल, सगळं डोळ्यांपुढे येऊन गेलं. पन्नाशीला आलो तरी हौस काही फिटत नाही माणसाची.

आबांनी मालकाकडे तांब्या मागितला. पाण्याने काठोकाठ भरलेला.

"पिण्यासाठी?"

"न्हाय. गाडी बघायला."

धारेचं दूध डोक्यावरून नेताना पावलाची परीक्षा अशीच करतात आमच्यात. आबा मागे बसले, तांब्या मांडीवर धरला, डोळे मिटले. "सांडू नगं, टँकरचं हाय," एवढंच मला म्हणाले. मी बाहेरच्या रस्त्याला एक चक्कर मारली, गतिरोधक मुद्दाम धरले. आरशातून बघितलं, पाण्याचा एक थेंब सांडला नव्हता. झालं, मी मनातल्या मनात गाडीला हार घातला.

परत आल्यावर आबा उतरेनात. नाक वर करून बसले होते.

"काय झालं, आबा?"

"घोंगडी भिजून कुजली की असा वास येतो. ही गाडी पाण्यात बुडालेली हाय."

मला आधी हसू आलं, मग राग. आख्ख्या जिल्ह्यात घोटभर पाणी नाही आणि म्हणे गाडी बुडाली. "आबा, तो अत्तराचा वास आहे," मी म्हणालो. ते म्हणाले, "अत्तराच्या खालचा घे की." लोकरीत जन्म काढलेल्या माणसाशी वासावरून कोण भांडणार? तरी मी भांडलो. मला ती गाडी हवी होती.

मालकाने मुकाट्याने माणूस बोलावून पायाखालचा गालिचा उचकटला. खालचा नमदा (दाबलेल्या लोकरीसारखा जाड थर) काळा पडला होता आणि त्याच्या कडेला बारीक गाळ बसला होता. दूरच्या कुठल्याशा पुराच्या शहरातून आलेला गाळ. मालकाचा चेहरा पडला. "चाचा, मैं भी फँस गया," तो म्हणाला. आबांनी तो गाळ चिमटीत धरला, बोटांवर चोळला. "चांगली माती हाय," म्हणाले. त्यांना गाडीचं काही वाटलं नव्हतं. इतकं पाणी कुठं पडतं, हेच ते मालकाला विचारत राहिले.

मी शेवटी घेतली ती राखाडी. एका डॉक्टरांनी वापरलेली, जुनी, छताला काच नाही, दारावर ओरखडा. तांब्यातले दोन थेंब सांडले. "चालतंय," आबा म्हणाले. पांढरीकडे मी फाटकातून निघेपर्यंत वळून वळून बघत होतो, हेही लिहून टाकतो.

कागदपत्रं झाल्यावर पुढच्या रविवारी पहाटेच निघालो. कन्नडला चहा आणि गरम भजी घेतली. आबांनी भजी धोतराच्या सोग्यात बांधली, नथूआप्पासाठी. घाटात मी श्वास रोखून गाडी चालवली. वळणावळणावर आबा पाठ सैल सोडून टेकले होते, चेहऱ्यावर दुखल्याची रेघही नव्हती. घाटाखाली मात्र रस्ता रुंद झालेला, खुणेची झाडं गेलेली. मी वळण चुकलो, दोन किलोमीटर पुढे जाऊन परत आलो.

नथूआप्पा ओट्यावर बसले होते. डोळे गेल्यासारखेच. आबांनी हाक मारली तसे ते भिंत धरून उठले.

"कथा व्हता रे भो?" (कुठं होतास रे भाऊ?)

दोघं एकमेकांचे दंड धरून उभे राहिले. मग नथूआप्पांनी रस्त्याच्या दिशेने कान लावला. "मेंढ्या कुठं थांबवल्या? बोरीखालचं वावर मोकळं ठेवलंय. पोरं दर साली पेरायला बघतात. मी म्हणतो, थांबा, मेंढ्या बसून जाऊ द्या, मग पेरा."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. घराच्या मागे ते वावर दिसत होतं, नांगरलेलं, सपाट, तीन वर्षं रिकामं.

"आप्पा, मेंढ्या न्हाईत आता," आबा म्हणाले. "पेरून घे."

नथूआप्पा खाली बसले. आबाही त्यांच्याजवळ ओट्यावर बसले. भजी सोडली, गार झाली होती, ती दोघांनी खाल्ली. तासाभराने नथूआप्पांनी मुलाला हाक मारली आणि पाऊस आला तर बोरीखाली बाजरी घाला म्हणून सांगितलं.

परतताना घाट चढून वर आलो. गाडी मऊ चालली होती, आवाज म्हणून नाही. आबांना झोप लागली असेल असं मला वाटलं. बरं वाटतंय ना, विचारलं.

"गाडीला नाव ठेवायला जागा न्हाय," ते म्हणाले. "पर मेंढरांमागं आठ दिसाची वाट व्हती ती. चालता चालता काय बोलायचं ते जुळायचं. आज काहीच जुळलं नव्हतं, अन् एकदम दारातच उभा ऱ्हायलो. त्याला असं तोडून सांगायचं नव्हतं रे मला."

मी गाडीचा वेग कमी केला. त्याचा आता काही उपयोग नव्हता.