खोडलेले नाव आणि शांतीची मेणबत्ती

प्रभूमध्ये प्रिय मित्रहो,

आज आगमनकाळाचा, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांतला, दुसरा रविवार. आमच्या मंडळीत या दिवशी शांतीची मेणबत्ती लावतात. ती कोणी लावायची याची यादी मी ठेवतो; यंदा त्यात होटगीच्या कांताबाईंचे नाव होते. परंतु उद्या त्यांच्या यजमानांच्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. अशा मनःस्थितीत त्यांना हा भार नको, म्हणून मी न विचारताच त्यांचे नाव खोडले.

उपासनेपूर्वी पाहतो तो कांताबाई पांढरी साडी नेसून दारात उभ्या.

"दादा, माझं नाव कुनी खोडलं?"

"मीच. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"व्हय का? म्हंजे ज्याच्या घरी समदं बरं हाय, त्यानंच शांतीची मेणबत्ती लावायची?"

मी काडेपेटी त्यांच्या हाती दिली. पहिली काडी विझली, दुसरीने वात पेटली.

नंतर मी विचारले, "भीती वाटत नाही?"

"लई वाटती की! कालपासनं घास उतरंना. पर प्रार्थनेला बसले, तवा भीती हितंच हुती आन् देवबी हितंच हुता."

साठ वर्षे मी पवित्र शास्त्र वाचतो आहे. भीती गेल्यावरच शांती येते, असे मानत आलो. मग या दोघी एकाच अंतःकरणात कशा नांदल्या?

भीती असतानाही प्रभूची शांती तुम्ही कधी अनुभवली आहे काय? आजच अवश्य लिहा. उद्या सकाळी दवाखान्याच्या बाकावर मी कांताबाईंच्या शेजारी बसणार आहे. तुमची उत्तरे तिथे त्यांना वाचून दाखवीन.