कुंड्यांना पाणी

आमच्या या जर्मन गावात वर्षानुवर्षं एकही नवं दुकान उघडलेलं नाही. आज मतदान होतं. शेजारचे क्लाउसकाका बंद पडलेल्या कारखान्याचा निळा डगला इस्त्री करून, अंगात चढवून निघाले.

"तुमचा पक्ष आला तर कारखाना सुरू होईल?" मी विचारलं.

"छे! पण वरच्यांची झोप उडेल, आमची उडाली तशी."

"तो पक्ष आम्हा परदेशी लोकांना हाकलणार म्हणतोय."

"तुझ्यावर राग नाही रे."

स्वतःला काही मिळायची आशा संपली, की माणूस दुसऱ्याचं जावं म्हणून रांगेत उभा राहतो.

मत देऊन आल्यावर त्यांनी दरवर्षीसारखं विचारलं, "पुण्याला कधी जातोस? किल्ली दे, कुंड्यांना पाणी घालीन."

किल्ली मी खिशातच घट्ट धरली. वाळली तर वाळू देत माझी झाडं!